यादीत नसलेला ड्राइव्ह

कुमुद आरवाडेला पहिली शंका आली ती एका आकड्यामुळे. एकतीस टक्के.

तिच्या नवऱ्याच्या, जिनदत्तांच्या, उजव्या कानामागे शर्टाच्या बटणाएवढं एक उपकरण बसवलेलं होतं. कंपनीनं त्याला भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं, पण सांगली-मिरजेकडे सगळे त्याला 'बटण'च म्हणत. बटणात आठवणींची किती जागा भरली हे फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दिसायचं. दर सोमवारी कुमुद तो आकडा बघायची. गेल्या फेब्रुवारीत तो एकतीस होता, जूनमध्येही एकतीसच, आणि आता वर्ष उलटायला आलं तरी तो जागचा हलला नव्हता.

माणूस वर्षभर जगतोय, बोलतोय, रोज नव्या गोष्टी लक्षात ठेवतोय आणि जागा मात्र तेवढीच? मिरजेच्या तंत्रनिकेतनात तेहतीस वर्षं सी ही संगणकाची भाषा शिकवलेल्या बाईला हे पटण्यासारखं नव्हतं. तिनं कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, "सगळं हिरवं दिसतंय मॅडम, काळजी करू नका."

काळजी न करणं कुमुदला तसं जमलंही असतं. गेलं वर्ष तिच्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं.

जिनदत्त पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. माणूस सरळ, निर्व्यसनी. पण पस्तीस वर्षांत त्यांनी बायकोशी कामापलीकडे बोललेली वाक्यं मोजायची म्हटली तर बोटं पुरली असती. सहासष्टाव्या वर्षी ते विसरू लागले. आधी गॅस बंद करायला, मग बस्तीकडे, म्हणजे जैन मंदिराकडे, जायचा रस्ता, आणि एके दिवशी जेवताना त्यांनी कुमुदला विचारलं, "तुम्ही कुठल्या गावच्या?"

त्यानंतर बटण बसवलं. मेंदूच्या आत खोलवर बोटाच्या पेराएवढा एक भाग असतो, तो आठवणींची सूची सांभाळतो. कुठली गोष्ट कुठे ठेवली हे त्याला ठाऊक असतं. या रोगात आधी ती सूचीच फाटते. बटण मेंदूतले संकेत टिपून त्यांचे नमुने साठवतं आणि गरज पडली की तेच संकेत पुन्हा मेंदूत सोडतं. आठवण परत येते.

तीन आठवड्यांत जिनदत्त तिला नावानं हाक मारू लागले. दोन महिन्यांनी एका सकाळी तिचा तळहात हातात घेऊन म्हणाले, "लग्नाच्या पहिल्या वर्षी मी इथं पेनानं मोर काढला होता. तू दोन दिवस हात धुतला नव्हतास."

कुमुद हसली. या माणसानं धरणाच्या नकाशापलीकडे जन्मात काही रेखाटलं नव्हतं. बटण बसवलेल्या केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदू रिकाम्या जागा स्वतःच भरून घेतो. तिनं ते मान्य केलं. मोर खोटा असेल, पण हात धरणारा माणूस तर खरा होता. पुढे ते तिच्यासाठी चहा टाकायला लागले, तिच्या गुडघ्यांना तेल लावायला लागले. आपल्यालाही हे सगळं एवढं हवं होतं, हे तिला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

म्हणूनच तो आकडा वर्षभर तिनं पाहून न पाहिल्यासारखा केला होता. त्या सोमवारी मात्र तिच्यातली शिक्षिका गप्प बसेना. दुपारी जेवणं झाल्यावर तिनं टेबलावर संगणक उघडला. नातेवाइकाला बटण संगणकाशी जोडून आतलं वाचायची मुभा कायद्यानं होती. वाचायची फक्त, बदलायची नाही.

बटणाच्या आत चालणारी प्रणाली वरून नवी दिसत असली तरी तिचा पाया जुना होता. साठवणीचे कप्पे, म्हणजे ड्राइव्ह, तिथं अजूनही ए, बी, सी अशा अक्षरांनी ओळखले जात. कुमुदनं सी भाषेत दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला. प्रणालीला त्यातून एकच प्रश्न विचारायचा होता, या क्षणी कोणकोणते ड्राइव्ह हजर आहेत? उत्तर एका संख्येत येतं. ती संख्या शून्य आणि एकमध्ये मांडली की उजवीकडचं पहिलं घर एचं, दुसरं बीचं, तिसरं सीचं. घरात एक असेल तर ड्राइव्ह आहे, शून्य असेल तर नाही. घरांची किंमत उजवीकडून एक, दोन, चार अशी दुपटीनं वाढते. वर्गात हे शिकवताना ती फळ्यावर सव्वीस खोल्यांची चाळ काढायची आणि विचारायची, "सांगा, कुणाकडे दिवा लागलाय?"

अ‍ॅपच्या यादीत तीन ड्राइव्ह होते. सी, डी आणि ई. चार, आठ आणि सोळा, मिळून अठ्ठावीस. उत्तर अठ्ठावीस यायला हवं होतं.

पडद्यावर साठ आलं.

तिनं प्रोग्राम पुन्हा चालवला. पुन्हा साठ. साठातून अठ्ठावीस गेले, उरले बत्तीस. बत्तीस म्हणजे सहावी खोली. एफ.

"काय गं, एवढी काय गुंतलीयस?" खुर्चीत डाळिंब सोलत बसलेल्या जिनदत्तांनी विचारलं.

"काही नाही हो. एक उत्तर जुळत नाहीये."

"सावकाश बघ. आधी हे दाणे खा."

कुमुदनं आणखी दोन ओळी लिहिल्या. प्रत्येक ड्राइव्ह कुठल्या प्रकारचा आहे, एवढंच विचारलं. सी, डी, ई यांच्यापुढे 'स्थिर' असं आलं. एफपुढे आलं 'दूरस्थ'.

म्हणजे हा कप्पा जिनदत्तांच्या बटणात नव्हताच. तो दुसरीकडे कुठेतरी होता आणि बिनतारी जाळ्यातून इथं जोडलेला होता. अ‍ॅप फक्त स्थिर ड्राइव्ह दाखवायचं, त्यामुळे तो कुणाच्या नजरेला पडला नव्हता. एकतीस टक्क्यांचं कोडंही सुटलं. वर्षभराच्या आठवणी डीवर, म्हणजे बटणातल्या आठवणींच्या कप्प्यावर, लिहिल्या जात नव्हत्या, त्या एफवर जात होत्या.

समोर वाटीत डाळिंबाचे दाणे होते. तिला एकही खाववला नाही.

*

सांगलीच्या केंद्रात बटणांची तांत्रिक बाजू सांभाळणारा तन्वीर शिकलगार एकेकाळी तिच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. आता चाळिशी ओलांडलेला, केस विरळ झालेले. "या मॅडम," म्हणून त्यानं खुर्ची पुढे केली. तिनं संगणक त्याच्याकडे वळवला. साठ हा आकडा बघून तो आधी हसला. मग दूरस्थ हा शब्द वाचला आणि त्याचा चेहरा उतरला.

अर्धा तास तो जुन्या नोंदी चाळत राहिला.

"बटण बसवलं की ते आधीच्या एखाद्या चालू बटणाशी ताडून बघतात," तो शेवटी म्हणाला. "त्यासाठी शेजारच्या पेशंटचा ड्राइव्ह दहा मिनिटं जोडायचा आणि मग तोडायचा. साहेबांच्या वेळी तोडलाच नाही. पुन्हा सुरू झाल्यावर परत जोडा, अशी एक खूण असते. ती काढायची राहून गेली."

"कुणाकडून?"

तन्वीर टेबलाकडे बघत राहिला. "त्या आठवड्यात मीच होतो, मॅडम."

कुमुदला शेजारची खाट आठवली. तासगावचे चित्रकलेचे शिक्षक, आनंदराव सूर्यवंशी. भूल उतरत असताना ते चादरीवर बोटानं काहीतरी रेखाटत होते.

मोर त्यांचा होता.

"आमचे हे त्यांच्या आठवणी वाचतायत," ती म्हणाली. "पण त्यानं त्या सरांचं काय बिघडलं? पुस्तक दोघांनी वाचलं म्हणून झिजत नाही."

"आठवण पुस्तकासारखी नसते. आपण काही आठवतो ना, तेव्हा ते थोडा वेळ मऊ पडतं, ओल्या मातीसारखं. मग मेंदू ते परत घट्ट करून ठेवतो. प्रत्येक वेळी नव्यानं लिहितो म्हणा ना. आठवताना जे समोर असेल, कानावर पडेल, तेही त्यात मिसळतं. साहेबांनी मोर आठवला तेव्हा समोर तुम्ही होता. परत लिहिताना त्यात तुमचा चेहरा गेला. आणि ते लिहिलं गेलं सूर्यवंशी सरांच्या ड्राइव्हवर."

"म्हणजे त्यांच्या बायकोचा चेहरा..."

"पुसला जातोय. सरांची तब्येत सहा महिन्यांपासून घसरतेय. रोग वाढला, अशी नोंद आम्ही केलीय." तन्वीरचा आवाज बारीक झाला. "एफ मी आत्ता इथून तोडू शकतो. पण साहेबांचं गेलं वर्ष त्यावरच आहे. ते आता इतकं कालवलं गेलंय की वेगळं काढता येणार नाही. तोडलं, तर त्यांच्याकडून ते वर्ष जाईल."

कुमुद उठली. "मला दोन दिवस दे."

*

दुसऱ्या दिवशी ती एकटीच तासगावला गेली. सूर्यवंशी मास्तरांचं घर विचारत विचारत सापडलं. दाराशी विमलबाई पालक निवडत बसल्या होत्या.

"सांगलीच्या केंद्रात आमच्या ह्यांची खाट शेजारी होती," कुमुद म्हणाली. "तासगावात आले होते, म्हटलं बघून जावं."

"व्हय व्हय, या की. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा." विमलबाईंनी पाणी आणलं. "तुमचे बरे हायत?"

"बरे आहेत."

"नशीब तुमचं." त्या पुन्हा पालकाशी बसल्या. "आमचंबी आधी चांगलं चाललं होतं. बटण बसलं आन् मास्तरांनी मला घरात नव्यानं आलेली नवरी असल्यागत न्याहाळलं होतं. आता? सकाळी मला म्हणतात, बाई, तुम्ही कशाला त्रास घेता. आन् त्या कुमुदला हाका मारत बसतात."

कुमुदनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"कोण कुमुद, देवाला ठाऊक. चाळीस वर्सांत त्या नावाची बाई ह्या घराची पायरी चढली न्हाई. आधी मला वाटलं, आजार हाय. मग वाटायला लागलं, असंल कुणीतरी. शाळेतली, न्हाई तर लग्नाआधीची. आजारानं माणूस खरं बोलायला लागतं म्हणतात." त्यांनी एक काडी मोडली. "परवा मी त्यांना जेवाण वाढलं न्हाई. चाळीस वर्सांत पयल्यांदा. दुपारपत्तोर उपाशी बसवलं. आजारी माणसाला. सांगा, मी काय बाई हाय का कोण?"

कुमुदनं आपली पिशवी जवळ ओढली.

"तुमचं नाव काय म्हणालात?" विमलबाईंनी विचारलं.

"आरवाडे," कुमुद म्हणाली. एवढंच. आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठली.

*

दोन दिवसांचे आठ झाले. तन्वीरनं दोनदा फोन केला. तिनं घेतला नाही. ती रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. मग जिनदत्त चहाचा कप घेऊन यायचे आणि ती म्हणायची, आजचा एक दिवस. प्रत्येक दिवसाबरोबर तासगावच्या घरातून काहीतरी कमी होतंय हे तिला माहीत होतं. माहीत असूनही ती तो चहा घेत होती.

नवव्या दिवशी तिला ते सहन होईना. व्हरांड्यात त्यांच्यासमोर बसून तिनं सगळं सांगितलं. साठ आणि अठ्ठावीस, शेजारची खाट, मोर, विमलबाईंनी न वाढलेलं ताट. जिनदत्त अभियंता होते. मध्ये एकदाही न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे मोर माझा नव्हता," ते म्हणाले.

"नाही."

"तुझ्या गुडघ्याला तेल लावायचं, ते?"

"ते मला माहीत नाही हो. कदाचित ते मास्तर लावत असतील त्यांच्या बायकोला."

"आधी मी कसा होतो?"

"चांगले होता."

"कुमुद. खरं सांग."

"घरात असायचात," ती म्हणाली. "पण मी कधी खोलीत आले नि कधी गेले, तुम्हाला कळायचं नाही."

त्यांनी मान हलवली, एखादं जुनं मोजमाप अखेर जुळावं तशी. मग विचारलं, "तोडल्यावर मी तसाच होणार?"

"तन्वीर म्हणतो, डी ड्राइव्हवर आहे तेवढं राहील. तुमचं स्वतःचं."

"मग तोड."

"अहो, जरा विचार तरी..."

"माझ्यामुळं एक बाई नवऱ्याला उपाशी ठेवतेय. पाटबंधाऱ्यात दुसऱ्याच्या शेताचं पाणी आपल्या पाटात कधी वळवू दिलं नाही मी कुणाला." त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "तोड म्हणतोय ना. मला उद्या परत विचारू नकोस. उद्या मी नाही म्हणेन."

त्याच संध्याकाळी ते केंद्रात गेले. तन्वीरनं जिनदत्तांचे हात हातात घेऊन माफी मागितली. ते म्हणाले, "पुढच्याचं नीट कर." कुमुदनं त्यांच्या सहीखाली आपली सही केली. तोडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. तिनं आपला प्रोग्राम पुन्हा चालवला. अठ्ठावीस.

जिनदत्त डोळे उघडून खोलीभर बघू लागले. तिच्यावर नजर आली तेव्हा ओळख पटली, तिला स्पष्ट दिसलं ते. मग ते म्हणाले, "रिक्षा सांगितलीय ना? उशीर नको." आणि दरवाज्याकडे चालू लागले. मागे वळून पाहिलं नाही.

तन्वीरनं कुमुदचा प्रोग्राम मागून घेतला. आठवड्याभरात केंद्राच्या चारशे बारा पेशंटांची बटणं त्यानं तपासली. आणखी नऊ जणांच्या उत्तरात जास्तीचा आकडा निघाला. त्यानं वरच्यांना सगळं लेखी कळवलं, स्वतःच्या नावासकट, आणि चौकशी पुरी होईपर्यंत घरी बसला. तरी कुमुदला फोन करून त्यानं एक गोष्ट सांगितली. "एफ तुटला म्हणून सरांना बायको आपोआप आठवणार नाही, मॅडम. जे लिहिलं गेलं ते गेलं. पण ते काही आठवत असतील, तेव्हाची पाच-दहा मिनिटं माती ओली असते. तेव्हा कुणी खरं काय ते सांगितलं, तर ते आत जाईल."

*

या वेळी तासगावला गेल्यावर कुमुदनं दारातच आपलं पूर्ण नाव सांगितलं. मग आत बसून बाकीचं सांगितलं. विमलबाई ऐकत होत्या तोवर त्यांचा हात पदराशी चाळा करत होता. ऐकून झाल्यावर तो थांबला.

"म्हंजे वरीसभर तुमच्या घरात माझा संसार नांदत होता," त्या म्हणाल्या. "आन् तुम्ही मागं आलात, माझ्या दारात पाणी प्यालात, तवा तुम्हास्नी ठावं होतं."

"हो."

"आन् गप बसलात."

"हो."

"उठा तुम्ही," विमलबाई म्हणाल्या. कुमुद उठली. त्यांचं बरोबर होतं. पण ती चपला घालत असताना आतल्या खोलीतून काठीचा आवाज आला. आनंदराव चौकटीत उभे होते, पांढऱ्या सदऱ्यात, बारीक झालेले. त्यांचा चेहरा असा उजळला की दोघी बायका जागच्या जागी थांबल्या.

"आलीस?" ते म्हणाले. "कधीची वाट बघतोय."

ते कुमुदकडे बघत होते.

आनंदराव खुर्चीत बसले आणि बोलू लागले. "मी तो दांडोबाचा डोंगर आठवत होतो. आपण पायऱ्या चढत होतो. निम्म्यात तुझी दमछाक झाली. मी म्हटलं, इथूनच परत जाऊ. तू म्हणालीस, नाही, इतकी वर्षं तुम्ही कधी बरोबर आला नाहीत, आज वरपर्यंत जायचं. मग वर जाऊन आपण शेंगा खाल्ल्या. वारा एवढा, की टरफलं उडून जायची. आणि तू एकदम रडायला लागलीस. मी विचारलं, काय झालं? म्हणालीस, काही नाही, बरं वाटतंय."

ही आठवण आनंदरावांची नव्हती, विमलबाईंचीही नव्हती. गेल्या नोव्हेंबरातला तो रविवार कुमुदचा होता. तिच्या नवऱ्याच्या डोक्यातून तो कायमचा गेला होता. परवाच तिनं दांडोबाचं नाव काढलं तेव्हा जिनदत्त वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले होते, "तिथं काय आहे बघण्यासारखं?" तो दिवस आता जगात दोघांनाच आठवत होता. तिला, आणि समोरच्या या परक्या माणसाला. ती नुसतं हो म्हणाली असती तरी तो तिच्यासाठी इथं जिवंत राहिला असता. महिन्यातून एकदा येऊन ऐकता आला असता.

माती ओली होती. फार वेळ ओली राहणार नव्हती.

कुमुद त्यांच्यासमोर खाली बसली. "मास्तर," ती म्हणाली, "तुमची चूक होतेय. मी तुमच्या ओळखीचीसुद्धा नाही. डोंगरावर तुमच्याबरोबर विमलताई होत्या."

आनंदरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "विमल?"

"ह्या. दम ह्यांना लागला होता. वरपर्यंत जायचं हे ह्याच म्हणाल्या. रडल्यासुद्धा ह्याच." तिनं विमलबाईंकडे हात केला. "बघा ना त्यांच्याकडे."

म्हाताऱ्यानं मान वळवली. विमलबाईंनी आधी कुमुदकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि रागाखाली आणखी काहीतरी होतं, ज्याला त्यांच्यापाशी नाव नव्हतं. मग त्या पुढे आल्या आणि नवऱ्याच्या खुर्चीपाशी टेकल्या.

आनंदराव त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिले, भुवयांपासून हनुवटीपर्यंत, चित्र काढायला बसलेला माणूस बघतो तसे. "वारा फार होता," ते हळूच म्हणाले. "तुझा पदर सारखा उडत होता. कुठलं लुगडं नेसली होतीस गं तू?"

विमलबाईंना ते माहीत असणं शक्य नव्हतं. त्यांनी डोळे वर करून कुमुदकडे पाहिलं.

"जांभळं," कुमुद ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"जांभळं," विमलबाईंनी नवऱ्याला सांगितलं.